घरचा झेंडा आणि बाईचं मत

मैत्रिणींनो, २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तशी आपल्याकडे घरंही फुटली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बुलढाणा मतदारसंघात दोन्ही सेना समोरासमोर होत्या. संजय गायकवाड यांनी जयश्री शेळके यांना अवघ्या ८४१ मतांनी हरवलं. बाई उभी होती म्हणून तिलाच मत द्यायचं, असं मी म्हणत नाही. पण ८४१ मतं म्हणजे एखाद्या मोठ्या गावातल्या बायकाच की! तरी ‘घरची मतं कुणाला?’ हे विचारतात पुरुषालाच. त्याने पक्ष बदलला, की बचत गटात जाऊ जावेशी बोलेनाशी होते, हप्ता मुलाच्या हाती पाठवते. हप्त्याच्या वहीत झेंडा कशाला? येत्या बैठकीला जावेलाही घेऊन या.