शुद्ध पाणी आणि क्षारहीन पाणी



गावात आर.ओ. यंत्र बसविण्याचा ठराव आज अनेक ग्रामसभांपुढे येतो. हेतू स्तुत्यच आहे; परंतु शुद्ध पाणी आणि क्षारहीन पाणी यांतील भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जवळजवळ उरतच नाहीत. आर.ओ. यंत्रही बहुतांश क्षार काढून टाकते. असे पाणी विष नव्हे. शरीराला बहुतेक क्षार अन्नातूनच मिळतात. मात्र ज्यांचा आहार तुटपुंजा, त्यांना पाण्यातील अल्प वाटाही मोलाचा असतो. शिवाय अशा पाण्यात शिजविलेल्या भाज्यांतील क्षार अधिक प्रमाणात पाण्यात उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दीर्घकाळ असे पाणी पिण्याच्या परिणामांची चर्चा आहे.

भारतीय मानक १०५०० नुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विद्राव्य क्षार स्वीकारार्ह आहेत. रासायनिक दोष नसलेल्या अशा पाण्यास गाळणे व क्लोरिनने निर्जंतुक करणे पुरेसे असते. याउलट, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. ते उकळून जात नाही. तेथे पर्यायी उद्भव अथवा योग्य यंत्र हवेच.

म्हणून आधी पाण्याचा नमुना जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा. यंत्राचा निर्णय त्यानंतरच व्हावा. दोष कोणता हे कळल्यावाचून केलेला उपाय गावाच्या पैशाचा आणि आरोग्याचाही अपव्यय ठरेल.