टाचणाबाहेरचा दिवस

घरच्यांची बोलणी खाऊन, हातचा रविवार मोडून इथवर आलेल्या माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

संमेलनाच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलायचं असतं. मी पहिली-दुसरीच्या वर्गावर बोलणार आहे. तोही साहित्याचाच विषय आहे, फक्त आपण अजून त्याला आत घेतलेलं नाही.

आपण सगळे लेखक आहोत, हे आधी मान्य करू. आपण रोज पाठाचं जे टाचण काढतो, त्याच्याइतकी कल्पनाशक्ती कथास्पर्धेतसुद्धा दिसत नाही. ‘विद्यार्थी निरीक्षण करतील, चर्चा करतील, निष्कर्ष काढतील.’ समोर बसलेले गालात हसताहेत, म्हणजे त्यांनीही कालच लिहिलंय.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस माझ्या टाचणात ‘दुसरी, गणित, बिनहातच्याची वजाबाकी’ असं होतं. दुसरे सर तालुक्याला बैठकीला गेलेले, त्यामुळे चारही वर्ग माझ्याकडे. परिपाठात प्रतिज्ञा चालू होती. पहिलीतल्या एका गड्याने उजवा हात पुढे तसाच ठेवला, डावा तोंडात घातला आणि दात काढून सगळ्यांना दाखवला. शेजारची मुलगी रक्त बघून रडायला लागली. ज्याचा दात, तो मात्र लग्नातल्या नवरदेवासारखा उभा.

वर्गात आल्यावर दाताचं करायचं काय, यावर खल सुरू झाला. कौलावर टाकायचा, हे बहुमत. एकीचं म्हणणं, तुळशीत पुरायचा. तेवढ्यात दुसरीतला एक अनुभवी म्हणाला, ‘‘बाई, शाळंला स्लॅब हाय. कौलं न्हाईतच.’’ या तांत्रिक अडचणीवर चर्चा चालू असताना दात हातोहात फिरत राहिला आणि हरवला.

मग सगळ्या बस्करपट्ट्या उचलल्या गेल्या. खाली चिंचोके निघाले, पेन्सिलींची टोकं निघाली, मेलेला एक किडा निघाला. खडूचा तुकडा दिसला की ‘‘सापडला!’’ अशी आरोळी. तिसरी-चौथीची मुलं दारात गर्दी करून सल्ले देऊ लागली. मालक रडवेला झालेला पाहून एक मुलगी कोपऱ्यात जाऊन स्वतःचा हलता दात हलवू लागली, त्याला द्यायला. तिला आवरायला गेले, तोवर स्वयंपाकाच्या मावशी ताटली घेऊन दारात, ‘‘बाई, चव बघा आन् रजिष्टरात सही करा.’’ मागून कोणीतरी शंका काढली, ‘‘दात खिचडीत पडला असंल.’’ झालं. ‘आम्ही खिचडी खाणार न्हाई,’ असा एकमुखी ठराव. मावशी अशा रागावल्या की त्यांना समजावण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

आणि याच मुहूर्तावर केंद्रप्रमुखांची मोटारसायकल फाटकात.

‘‘काय चाललंय?’’ साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘वजाबाकी.’’ दुसरं काय सुचणार? साहेबही रसिक. त्यांनी दाताच्या मालकालाच उभं केलं, ‘‘वीस दात होते, एक पडला. उरले किती?’’ पोरगा बोट तोंडात घालून जिभेच्या मदतीने मोजत बसला. मग म्हणाला, ‘‘सतरा.’’ साहेब म्हणाले, ‘‘एकोणीस.’’ पोरगा ठाम, ‘‘सतराच. दोन आधीच पडल्यात. बघा.’’ आणि त्याने आ केला. साहेबांनी खरोखर वाकून मोजले. पाठोपाठ सगळा वर्ग एकमेकांच्या तोंडात बोटं घालून वजाबाकी करू लागला. टाचणात नसलेली हातच्याची वजाबाकीसुद्धा.

शेरेबुकात शेरा पडला, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर चांगला.’

दात संध्याकाळी मिळाला. एका मुलीने तो हरवू नये म्हणून आपल्या कंपासपेटीत ठेवला होता. दिवसभर सगळ्यांत जास्त हिरिरीने शोधत होती तीच.

आता मला सांगा, हा दिवस आपल्या लेखनात कुठे आहे? आपल्या कवितासंग्रहांत गुरुमाउली आहे, पणती आहे, अनवाणी गरीब विद्यार्थी तर हटकून आहे. गोंगाट नाही. जिथे आपलं आयुष्य जातं, तेच वगळून आपण लिहितो. मला हे साहित्यिक पाप वाटतं, आणि पुरस्कारप्राप्त मंडळींची क्षमा मागून म्हणते, आळससुद्धा.

गिजुभाई बधेकांनी हा आळस केला नाही. 1930च्या दशकात गुजरातीत आलेल्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक मोठ्या उमेदीने पहिल्या दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो, आणि मुलं त्या खेळाचा पार विचका करतात. शिक्षणावरच्या इतक्या गाजलेल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच शिक्षकाची अशी फजिती! दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा वर्ग त्याचा होतो. भावनगरला गिजुभाईंसोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली अनुताई वाघांबरोबर बोर्डीला काम उभं केलं, पुढे 1957 पासून कोसबाडला. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर या दोघींनी शाळाच कुरणात नेली. समोर मुलं, बाजूला गुरं, डोक्यावर उघडं आभाळ. तिथे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ कोणाला सांगणार?

आता आपल्या वर्गांकडे येऊ. 2009चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस आणि अध्यापनाचे 800 तास ठरवून देतो. साठ पटापर्यंत दोन शिक्षक, हेही त्यातच आहे. त्यातला एक बैठकीला गेला की उरलेल्याने काय करायचं, ते कायद्यात सापडत नाही. त्याची तड लावायला आपल्या संघटना समर्थ आहेत. मला त्या 800 तासांतला दाताचा तास हवा आहे. तो कुठल्याच नोंदवहीत जात नाही, म्हणून तो आपण लिहायचा.

लिहिताना पोरांची भाषा धुऊन काढू नका. ‘पडल्यात’ म्हणाला असेल तर ‘पडले आहेत’ करू नका. शेवटी तात्पर्यही चिकटवू नका, ते आपल्या हाताला लागलेलं व्यसन आहे. मुलांची नावं तेवढी बदला, गावात सगळेच वाचतात.

संयोजकांना एक विनंती. पुढच्या संमेलनाच्या स्मरणिकेत अध्यक्षांचा फोटो छोटा करा, शुभेच्छांची पानं कमी करा, आणि प्रत्येक केंद्रातून असा एकेक दिवस मागवा. दोन पानं पुरेत. माझा मजकूर तयार आहे, मावशींची परवानगी घेतली की पाठवते.

आता थांबते. मागच्या रांगेतले सर ताटं कुठे ठेवलीत ते बघून आलेत, आणि बाकीचे रांग मोडायच्या तयारीत दिसताहेत.