जुन्या व्हॅनचा वॉटर पंप
वॉटर पंप रेडिएटरमधले कूलंट इंजिनभोवती फिरवत ठेवतो. 1984 मध्ये आलेल्या आणि 2019 पर्यंत बनलेल्या मारुती ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे पंपाची गळती चटकन नजरेस पडत नाही. पंपाच्या बारीक छिद्रातून झिरपणारे कूलंट, बेअरिंगची घरघर, हलणारी पुली ही बिघाडाची लक्षणे. करंजाड्याहून बोरघाट चढणाऱ्या जुन्या व्हॅनमध्ये ती दिसताच पंप बदलावा. इंजिन तापून हेड गॅस्केट गेल्यास खर्च कितीतरी पटींनी वाढतो. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून बोल्टची छिद्रे, पुलीची जागा आणि आतल्या चक्राची पाती ताडून घ्यावीत. गॅस्केट नवेच हवे. टायमिंग बेल्ट उतरवावा लागला आणि तो जुना असेल, तर तोही बदलावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.