कागदावर भागीदार, कामावर कामगार
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलायला इथे आमच्यापेक्षा अधिकारी माणसे बसलेली आहेत. समितीने आम्हाला सांगितले, तुम्ही कोर्टकचेरीतले, पोरांच्या कामाधंद्याचे काही बोला. म्हणून आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'स्वतंत्र कंत्राटदार'.

गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीतला एक मुलगा जेवणाचे पार्सल पोहोचवताना गाडीवरून घसरला. पाय मोडला, दीड महिना खाटेवर. तेवढे दिवस काम घेतले नाही म्हणून कंपनीने त्याचा आयडी बंद केला. त्याची आई आमच्याकडे करार घेऊन आली. करार म्हणजे काय, मोबाईल! कागद असा नव्हताच. पडद्यावर इंग्रजीत पानेच्या पाने, आणि शेवटी अंगठ्याने दाबले की झाली सही. आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, नातवाने काचेवर उठवला. कंपनीचे उत्तर दोन ओळींचे आले: हा आमचा कामगार नाही, स्वतंत्र कंत्राटदार आहे, भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. आता बघा, गिऱ्हाईक कंपनीचे, दर कंपनीचा, अंगातला टी-शर्ट कंपनीच्या नावाचा. मग स्वतंत्र काय होते? अपघात तेवढा त्याचा स्वतंत्र!

हा वाद नवा आहे असे पोरांना वाटते. तसे नाही. मिठागरे आपण भांडुप-वडाळ्याकडे पाहिली आहेत. तशीच सौराष्ट्रात ध्रांगध्रा केमिकल वर्क्स या कंपनीची होती. तिथे अगरिया लोक मीठ पिकवीत. कंपनी एकेका अगरियाला जमिनीचा पट्टा नेमून देई. तो स्वतः विहीर खणी, खारे पाणी काढी, बायकापोरांना हाताशी घेई, लागलेच तर आपल्या पैशाने मजूरही लावी. कामाचे तास ठरलेले नाहीत, हजेरीपट नाही. मिठाच्या मणामागे ठरलेला दर मिळे. वाद उभा राहिला तेव्हा कंपनी म्हणाली, हे आमचे कामगार नव्हेत, हे स्वतंत्र कंत्राटदार. वरवर पाहिले तर आपल्यालाही ते पटेल. आम्हालाही पहिल्यांदा वाचताना पटले होते.

पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९५६ साली निकाल अगरियांच्या बाजूने लागला. न्यायालयाने पाहिले ते असे: अगरिया स्वतः राबतो की नाही? राबतो. मदतीला माणसे घेतली म्हणून तो शेठ होत नाही. कामावर नजर कोणाची? पाण्याची तपासणी कंपनीची माणसे करीत, मीठ उतरले नाही तर ते नाकारीत. देखरेख प्रत्येक धंद्यात सारखी नसते, धंद्याच्या स्वरूपाप्रमाणे ती कमीजास्त असते. म्हणून ते कामगारच ठरले.

आपल्या घराजवळचे उदाहरण घ्या. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारी माणसे वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या नावावर राबली. आपल्या समाजाची माणसे त्यांत किती, हे सांगायला नको. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात सुमारे २,७०० कामगारांच्या कायमपणावर शिक्कामोर्तब झाले. मधले कंत्राट नुसता देखावा ठरले. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना 'वर्कर' मानले, करारात काहीही लिहिलेले असो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते हे आपण अभिमानाने सांगतो. पण कामगार कायद्याच्या दारातून आत जायला आधी 'कामगार' हा शिक्का लागतो. कंपन्या 'भागीदार' म्हणतात तो शब्द गोड आहे, पण तो शिक्का तेवढा पुसून टाकतो. भागीदाराला नफ्यात वाटा असतो. आपल्या पोरांना कोणी हिशेबाची वही तरी दाखवली का?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द कायद्यात आला. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची, मात्र या कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांच्या वर नाही. हे थोडे आहे, पण सोडू नये. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की संहितेने त्यांना मालक-नोकर नात्याच्या बाहेरच बसवले आहे. फंड, ग्रॅच्युइटी यातून आपोआप मिळत नाही.

तेव्हा पोरांनो, कंपनीचा प्रत्येक मेसेज, दंड कापल्याची नोंद, आयडी बंद झाल्याची सूचना, रोजचा हिशेब, सगळ्याचे फोटो काढून दुसऱ्या मोबाईलवर ठेवा. आयडी गेला की आतले काही दिसत नाही. त्या मुलाचे नेमके हेच झाले. त्याच्या मित्रांच्या मोबाईलवरून आम्ही कसेबसे चार-पाच पुरावे जमवले आणि भरपाईचा अर्ज दाखल केला.

येत्या रविवारी वंदनेनंतर इथेच ई-श्रमची नोंदणी करू. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर आणा. अर्जाची तारीख लागली की समितीच्या फळ्यावर लिहू. ज्यांना रजा काढता येईल त्यांनी त्या माउलीबरोबर यावे.

जयभीम!