खोलीभर भंगार

कांदिवलीच्या चारकोपमध्ये 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने लहान लहान भूखंड आखले गेले, त्यांतले काही 25 चौरस मीटरच्या आसपासचे. लोकांनी ऐपतीप्रमाणे त्यांवर घरं बांधली. आता पुनर्विकासात त्याच घरांच्या चौकटी, जाळ्या, पत्रे भंगारात निघतात.

अशाच सामानातून चित्रकार हेमा उपाध्याय यांनी 2009मध्ये '8 फूट बाय 12 फूट' ही कलाकृती घडवली. धारावीतल्या घराच्या मापाची खोली. आत शिरलं की भिंतींवरून आणि छतावरूनही चिमुकल्या झोपड्या अंगावर येतात. अॅल्युमिनियमचे पत्रे, मोटारींचे तुकडे, प्लॅस्टिक, रंग. अख्खी वस्ती डोक्यावर उलटी टांगलेली! 96 चौरस फूट म्हणजे चारकोपच्या त्या भूखंडाच्या निम्म्याहूनही कमी जागा. एवढ्यात एक कुटुंब कसं राहतं, हे कुठल्याही अहवालापेक्षा ही खोली लवकर सांगते, असं मला मनापासून वाटतं.

कलाकार सुदर्शन शेट्टी यांनीही असेच जुन्या लाकडाचे खांब आणि चौकटी जोडून 'शून्य घर' उभारलं. 2016मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडलं गेलं. या नावामागचं गोरखनाथांचं पद आपण कुमार गंधर्वांच्या आवाजात ऐकलेलं आहे.

चारकोपच्या सोसायट्यांनी पाडकामाआधी एखादं दार, एखादी जाळी बाजूला काढावी. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर या वस्तूंची एक खोली मुलांकडून सहज उभी करून घेता येईल.