आईचा ठेका

मी मालाडहून बोलतेय. रेडिओवर ‘ईना मीना डिका’ लागलं, की आई पोळ्या लाटताना ठेका धरायची, पण दाराला कडी लावून. आजी रागवेल ना! हे गाणं १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटातलं. किशोरकुमारनं गायलं, आशाताईंनीही. परदेशातला रॉक अँड रोल हिंदी सिनेमात सुरुवातीला ज्यांनी आणला, त्यांतले एक आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चालही त्यांचीच. रडवणारा आणि नाचवणारा माणूस एकच! आता आई नाही. परवा बचत गटाच्या बैठकीनंतर हे गाणं लागलं आणि मी नाचले, दार सताड उघडं ठेवून. बायांनो, तुम्हीही कडी काढा.