वाटेचा वाफसा



डोंगरी सायकलीचा खेळ आपल्याकडे नवा आहे. कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइस या डोंगरावर १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली उतारावरून पिटाळू लागले, आणि तेथून तो जगभर पसरला. येऊरच्या बाजूला पावसाळ्यात चिखलाने माखलेले सायकलस्वार आपणही पाहिले असतील. खेळ नवा असला तरी त्यांना पडणारा प्रश्न फार जुना आहे. पाऊस उघडला, आता वाट कधी वाळेल? औत घेऊन बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा हाच प्रश्न असतो, आणि त्याच्याजवळ त्यासाठी एक नेमका शब्द आहे : वाफसा. जमिनीत ओल असावी, पण ती चिकटू नये. ही अवस्था येईपर्यंत तो शेतात पाऊल घालीत नाही.

वाटेचा वाफसा निव्वळ दिवस मोजून कळत नाही. पायाखालची माती कोणती आणि पाण्याला जायला जागा कोठे, या दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात. त्यासाठी दूर जायला नको. आपले कांजूरमार्ग स्टेशनच घ्या.

स्टेशनाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी. तिकडची जमीन खाजणाची, चिकणमातीची. चिकणमातीचा कण दोन सहस्रांश मिलिमीटरहूनही लहान. कणांमधल्या फटी इतक्या सूक्ष्म की पाणी खाली उतरायलाच तयार नसते. म्हणून तर तेथे पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे चालली! पाणी झिरपून जाते, तर मीठ पिकले कसे असते? यात आणखी एक गंमत आहे. खाऱ्या पाण्यातला सोडियम या कणांना चिकटून असतो. भोवती मीठ भरपूर आहे तोवर कण एकमेकांना धरून राहतात. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन गेले की ते फुगतात, सुटे होतात आणि उरल्यासुरल्या फटीही बुजवून टाकतात. अशा जमिनीवर पावसाळ्यात चांगली उघडीप मिळाली तरी चाक रुतते.

आता रूळ ओलांडून पश्चिमेस, पवईच्या अंगाच्या टेकड्यांकडे चला. येथे बेसॉल्टचा कातळ आणि त्यावर त्याच्याच झिजेचा मुरूम. मुरमात खडे मोठे, पोकळ्या मोठ्या. पाणी लवकर खाली जाते, आणि वरचा पातळ थर सुकला की खालची ओल वर चढण्याचा मार्गच तुटतो. चिकणमातीत तो सहजी तुटत नाही. पृष्ठभाग सुकू लागला तरी खालून ओल येतच राहते.

परंतु मुरूम दिसला म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. मुरुमाखाली कातळ आहे. झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते, उतारानुसार सरकत जाते आणि कातळ उघडा पडला असेल तेथे, किंवा लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असेल तेथे, बाहेर पाझरते. म्हणून डोंगराचा माथा कोरडा, पायथा कोरडा आणि मधलीच शंभर पावले चार दिवस ओली, असा प्रकार घडतो.

उताराविषयी लोकांचा एक समज आहे, की वाट जितकी चढाची तितकी ती लवकर कोरडी. हे अर्धेच खरे आहे. पाणी वाटेवरून आडवे ओलांडून गेले पाहिजे. वाटेच्या लांबीने धावता कामा नये. वाटा आखणाऱ्यांचा ठोकताळा असा, की वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. डोंगर शंभरात वीस उतरत असेल तर वाट शंभरात दहाच्या आत हवी. त्याहून अधिक झाली की वाटेचाच ओहोळ होतो. सपाट माळावरच्या वाटेची अडचण उलटी : तेथे पाणी जाणार कोठे?

सूर्याचे काम मात्र आपण फार मोठे समजतो. युरोपातली पुस्तके सांगतात की दक्षिणेकडचा उतार आधी वाळतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, तोही बहुधा ढगांआड! हवा ओलीचिंब असल्यामुळे बाष्पीभवन मंद. भर पावसाळ्यात वाट वाळते ती मुख्यतः निचऱ्याने आणि उघड्या धारेवरच्या वाऱ्याने. दाट झाडीत वारा पोहोचत नाही, तेथे ओल टिकते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे वळतो. वाफसा येण्याआधी चाक गेले तर काय बिघडते? चाकोरी पडते. चाकाखाली ओली माती दबते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, आणि पुढच्या सरीचे पाणी वाट ओलांडायचे सोडून त्या चाकोरीतून धावू लागते. ते माती नेते, चाकोरी खोल होते. पहिल्या वर्षी एका दिवसात वाळणारी वाट पुढे आठवडाभर वाळत नाही. सायकलस्वार मग चिखल चुकवण्यासाठी कडेच्या गवतातून जातो. गवत मरते, वाट रुंदावते, चिखलही रुंदावतो. डबके लागलेच तर त्याच्या मधून जावे किंवा उतरून सायकल उचलावी; बगल देऊ नये.

आणि लवकर वाळणारी वाट टिकाऊच असते असेही नाही. माथेरानला मोटारी नाहीत, तरी तिथल्या जांभ्याच्या तांबड्या वाटांवरची माती पावसात वाहून जातेच. माणसांचे पाय आणि घोड्यांचे खूर तिला पुरेसे सैल करतात.

परीक्षा शेतकऱ्याचीच घ्यावी. वाटेवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि बोटाने टोचावा. तो चिकटून लांबला तर परत फिरावे. सहज फुटला तर खुशाल जावे. वाफशावर गेलेले चाक वाट बसवते, हाही अनुभव आहे.

पावसाला अजून काही आठवडे आहेत. गेल्या वर्षीच्या चाकोऱ्या या दिवसांत कोरड्या, कडक आणि स्पष्ट दिसतात. जेथे वनखात्याची परवानगी असेल तेथे चार जणांनी कुदळ-फावडे घेऊन जावे, वाटेची उताराकडची उचललेली कड जागोजाग कापावी आणि पाण्याला बाहेर पडायला तोंड करून द्यावे. मुरूम आता कठीण आहे, दोन सकाळी लागतील.